उरलेली दोरी

१

टेलरताईच्या घरातून एखादी वस्तू टाकून द्यायची म्हणजे घरातलं माणूस घालवून देण्याइतकं जिवावर यायचं. शर्टाची विरलेली कॉलर, छत्रीचं काळं कापड, जोडीदार हरवलेली बटणं, सगळं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत जायचं आणि आपली पाळी यायची वाट बघत बसायचं. सगळी इमारत तिला टेलरताई म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. तिचा नवरा बसमध्ये कंडक्टर होता. तो म्हणायचा, "आमच्या हिच्या हाती दिला तर ही गेलेल्या दिवसाचंसुद्धा पायपुसणं शिवेल."

त्यामुळे अडीअडचणीची पिशवी करायचं ठरलं तेव्हा ती विकत आणायचा प्रश्नच नव्हता. दुकानात तयार मिळत होती, लालभडक, खणाखणांची. कंडक्टरने तिच्यावरची किंमत वाचली आणि दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं तशी ती अलगद फळीवर ठेवून दिली.

पिशवीचं खूळ उगाच शिरलं नव्हतं. मागे समोरच्या इमारतीला आग लागली होती. माणूस एकही दगावलं नाही. पण रस्त्यावर उतरलेली मंडळी आपापली माणसं मोजायला लागली आणि कुणाचीच मोजणी एका दमात जुळेना. एक बाई तर सगळी पोरं पदराला असताना "अजून एक, अजून एक" करत परत आत शिरायला निघाली होती. तिला चौघांनी धरून ठेवलं. टेलरताईने हे आपल्या खिडकीतून पाहिलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा लागला. आपल्यावर अशी वेळ आली तर चिमणी कुणाच्या हातात असेल?

चिमणी म्हणजे त्यांची मुलगी, दुसरीतली, तोंडाची टकळी अखंड चालू. घरात चौथे अप्पा, कंडक्टरचे वडील. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना कान नसायचे.

पिशवी तिने बसच्या जुन्या सीटच्या रेक्झिनची शिवली. कंडक्टरने डेपोच्या भंगारातून ते मिळवलं होतं. बाकीच्या वस्तू घरातच निघाल्या. सरबताच्या रिकाम्या बाटल्या उकळत्या पाण्याने धुऊन पाण्यासाठी. बिस्किटं, भाजलेले शेंगदाणे, मीठ-साखरेची पुडी. अप्पांच्या गोळ्या आणि त्यांचा जुना चष्मा. टॉर्च, आणि तिचे सेल वेगळ्या कागदात, कारण आत राहिले की ते फुगतात आणि गळतात. महत्त्वाच्या कागदांच्या झेरॉक्स दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. चादरीची चौकोनी फडकी, धुरात ओली करून तोंडावर बांधायला. अप्पांनी तपकिरीची डबी आत सरकवली. टेलरताईने ती बाहेर काढली, अप्पांनी पुन्हा सरकवली, आणि शेवटी डबीच जिंकली.

मग दोरी. ती कल्पना कंडक्टरची.

"धुरात तोंड उघडायचं नाही," तो म्हणाला. "हाका मारल्या की धूर छातीत. मग कळणार कसं सगळे आहेत ते? बसमध्ये मी बोलतो का ड्रायव्हरशी? दोरी ओढतो."

त्याने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली आणि टेलरताईने तिच्यावर कापडी कडी शिवली, प्रत्येकाच्या मनगटाला एक. माप घ्यायला तिला टेप लागत नसे. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती फिरवलं की माप बोटांत बसायचं, आणि एकदा बसलं की वर्षानुवर्षं तिथेच राहायचं. चिमणीचं कडं तिने इतकं बेताचं केलं की दुसऱ्या कुणाचा हात त्यात गेलाच नसता. पुढे कंडक्टर, मग अप्पा, मग चिमणी, शेवटी टेलरताई. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचं, पुढून मागे एकेकाने एकेक हिसका द्यायचा. चारही आले की कंडक्टरचे लागोपाठ दोन, म्हणजे चला.

टेलरताईच्या कड्यामागे दोनेक हात दोरी उरली. कंडक्टर कात्री घेऊन आला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "ऐन वेळी कुणी जोडीला आलं तर? शिवणीत माया नाही का ठेवत आपण, तसंच हे. लागलं तर असलेलं बरं."

२

पहिली तालीम सुट्टीच्या दुपारी झाली. इमारत जेवून सुस्तावली होती. त्यांचा जिना इमारतीच्या पोटातला, खिडकी नसलेला. दिवा बंद केला की भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. खाली, रस्त्यावर उघडणारं स्प्रिंगचं जड लोखंडी दार. ते सोडलं की धाडकन आपटायचं आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींची शिवी ऐकू यायची.

कंडक्टरने शिट्टी फुंकली. दाराशेजारच्या चपलांच्या फळीपाशी प्रत्येकाची जागा ठरलेली होती. फडकी बांधली, कडी घातली, टेलरताईने दार ओढून घेतलं, आणि वरात निघाली.

पहिलं वळण. कंडक्टरचा हिसका आला, सराईत, छोटा. मग अप्पांचा, जरा थरथरता. मग चिमणीचा, झटकन, घाईघाईने, जेवणाची घंटा वाजवल्यासारखा. टेलरताईने आपला दिला. तिला बरं वाटलं.

आणि मग आणखी एक आला.

हळू होता. कुणीतरी विचार करून, बेताने ओढावं तसा. दोरी ताणली गेली, क्षणभर तशीच राहिली आणि सुटली.

ती थांबून राहिली. पुढून दोन हिसके आले, वरात पुढे निघाली, तिलाही निघावं लागलं. चिमणीचा वाह्यातपणा, तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. चार बरोबर, आणि आपल्यानंतर तो हळू, लांब हिसका.

रस्त्यावरच्या उजेडात आल्यावर तिने फडकं सोडलं. "चिमणे, एकदा सांगितलं ना एकदाच ओढायचं? खेळ वाटला का तुला?"

"मी एकदाच ओढलं!"

"मग दुसऱ्यांदा कुणी ओढलं? मी?"

"मला काय माहीत? मी पुढे आहे. तो मागून आला."

कंडक्टर हसला. त्याला चारच कळले होते. पुढे असलेल्या माणसाला मागचं नीट कळत नाही, आणि अप्पांना विचारावं तर ते म्हणाले, "मला तर सगळं अंगच हलत होतं."

घरी गेल्यावर, शेंगांची टरफलं भरताना, टेलरताईला एक गोष्ट आठवली. ती सगळ्यात शेवटी बाहेर पडली होती. दार तिने धरलं नव्हतं. तरीही ते आपटलं नव्हतं, आणि आजींची शिवीही आली नव्हती.

३

टेलरताई भाबडी नव्हती. गिऱ्हाईकाने कापड आखडलं म्हणून सांगितलं तर आधी त्याचं पोट वाढलंय का ते बघणारी बाई. तिने विचार केला. नायलॉनची दोरी ताणते आणि सुटली की मागे येते, त्याचा हिसका बसणारच. शिवाय मागे लोंबणारा शेव, उरलेलं टोक, कठड्यात अडकत असेल. दुसऱ्या दिवशी ती दिवा लावून एकटीच जिना उतरली आणि कठड्यावरून हात फिरवत गेली. खिळा नाही, फट नाही, उचकटलेला पत्रा नाही. लोखंड लोकांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेलं होतं. खालचं दार तिने मुद्दाम सोडून पाहिलं. ते धाडकन आपटलं.

"मेल्यांनो!" आजी आतून म्हणाल्या. टेलरताईला ती शिवी ऐकून चक्क बरं वाटलं.

दुसऱ्या तालमीला तिने मागचा शेव लोंबू दिलाच नाही. गुंडाळून मुठीत घट्ट धरला. आता अडकायचा प्रश्न नव्हता.

पहिल्या वळणावर चौघांचे हिसके झाले. तिने श्वास रोखला. मुठीतली दोरी हलली. मग तिच्या बोटांमधून, घाई न करता, एकेक वेढा सुटत मागे गेली. जोर नव्हता त्यात. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ताग्याचं टोक हातात घेऊन पोत बघतं, तसं कुणीतरी ती दोरी घेतली, ताणून पाहिली आणि धरून ठेवली.

अंधारात पुढून चिमणीचा फडक्यातून दबलेला आवाज आला. "आई, तुझ्या मागे कोण आहे?"

मागे वळायचं टेलरताईच्याने झालं नाही. भीती वाटली की माणूस रागावतो, तशी ती रागावली. तिने पुढे वाकून पोरीला चापट मारली, अंदाजानेच, ती कानावर बसली.

खाली आल्यावर चिमणीचे डोळे भरले होते. "तोंडावर फडकं असताना एक शब्द बोलायचा नाही," टेलरताई म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "काहीही झालं तरी नाही. आपल्या जागेवर उभं राहायचं आणि गप्प राहायचं. कळलं?"

"अगं, पण लहान आहे ती," कंडक्टर म्हणाला.

"धुराला कळतं का लहान-मोठं?"

चिमणीने मान हलवली. त्या दिवशी टकळी बंद होती. टेलरताईने तिच्या आवडीचा निळा फ्रॉक एका बैठकीत पुरा केला, पण कानाबद्दल माफी मागणं तिला जमलं नाही.

४

कात्री तिने कुणाला न सांगता चालवली. घरात कुणी नव्हतं. अप्पा खाली बाकावर बसले होते. दोरी मांडीवर घेतली, आपल्या कड्याच्या अगदी लगत कात्रीची पाती आणली आणि कच्च. कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवलं, म्हणजे उसवणार नाही. आता तिच्या मागे धरायला काही उरलं नव्हतं.

कापलेला तुकडा हातात घेऊन ती केराच्या डब्यापर्यंत गेली आणि नेहमीप्रमाणे परत आली. दोन हात चांगली दोरी! पत्र्याची पेटी उघडून तिने तो तळाशी ठेवला, वर छत्रीचं कापड पसरलं.

तिसऱ्या तालमीत हिसके बरोबर आले. छोटा, थरथरता, झटकन, आणि तिचा स्वतःचा. दोन हिसके. चला. सगळ्या वळणांवर तसंच. खालचं दार तिच्या टाचेवर आपटलं, आजींनी सगळ्या खानदानाचा उद्धार केला, आणि टेलरताई रस्त्यात उभी राहून इतकी हसली की कंडक्टर तिच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. जमलं आपल्याला."

"मी म्हणत होतोच," कंडक्टर म्हणाला. तो असं काहीच म्हणत नव्हता, पण नवऱ्यांना एवढं तरी म्हणू द्यावं लागतं.

पिशवी दाराशेजारच्या खुंटीवर गेली, तिच्या बंदात दोरी. दिवस आपल्या मार्गाने जाऊ लागले. तिच्या डोक्यातला भुंगा शांत झाला. फक्त कधी मशीनवर असताना, पाठ दाराकडे असली की, तिला खुर्ची फिरवून घ्यावीशी वाटायची. ती फिरवून घ्यायची. उजेड त्या बाजूने चांगला येतो, ती म्हणायची.

५

प्रसंग आला तो अगदी साध्या दिवशी. कंडक्टरला संध्याकाळची पाळी होती, तो आरशापुढे बिल्ला लावत होता. चिमणी शाळेतून येऊन जमिनीवर चित्र काढत होती. टेलरताई एका पडद्याला खालची दुमड घालत होती. पंखा थांबला. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि खालून आरडाओरड सुरू झाली. "मीटर पेटले! मीटर पेटले!"

कंडक्टरने दार उघडलं आणि काळा धूर पाहुण्यासारखा सरळ आत आला. गच्चीच्या दाराला वर्षानुवर्षं कुलूप होतं, खिडक्यांना गज होते. जिना उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने शिट्टी फुंकली.

सगळं तालमीसारखं झालं. तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं की कुठे चूक झाली नव्हती. कंडक्टरने पिशवी पाठीवर घेतली आणि अप्पांना कडं घातलं. टेलरताईने गॅसचा कॉक बंद केला, फडकी नळाखाली धरली आणि पटापट वाटली. चिमणीने आपलं फडकं स्वतः बांधलं, शहाण्यासारखी, एक शब्द न बोलता, आणि चपलांच्या फळीकडे पळाली. टेलरताईने शेवटचं फडकं स्वतःला बांधलं तोवर पुढची खोली दिसेनाशी झाली होती.

डोळे झोंबत होते. ती भिंत धरून दारापर्यंत आली, चाचपडत दोरी शोधली, आपलं कडं मनगटात घातलं. दोरी पुढे ताणलेली होती. कंडक्टरचा हिसका आला. अप्पांचा. तिसरा. तिने आपला दिला. पुढून दोन आले. तिने मागे हात करून दार ओढलं, लॅच खटकन बसलं. आणखी धूर घरात शिरू नये म्हणून दार ओढायचं, हेही ठरलेलं होतं.

पहिलं वळण. एक, दोन, तीन, आपला. पायाखाली पायऱ्या बरोबर येत होत्या. खाली कुठेतरी तारा तडतडत होत्या. मनात ती एकच गोष्ट म्हणत होती, आहे, पोर पुढे आहे, पोर पुढे आहे.

दुसरं वळण, शेवटचं. कंडक्टरचा छोटा. अप्पांचा थरथरता. मग दोरी ताणली गेली, हळू, बेताने, क्षणभर तशीच राहिली, आणि सुटली.

टेलरताईचा हात आपला हिसका द्यायला उठला आणि तिथेच राहिला.

घाबरली असेल, तिने स्वतःला सांगितलं. घाबरलं पोर हळूच ओढणार. धूर आहे, दमली असेल. पण चिमणी घाबरली की आणखी घाई करायची, हे आईला कुणी शिकवावं लागत नाही. हिसके तर बरोबर आले होते. जितकी माणसं तितके. मागे धरायला दोरी नव्हती, तिनेच कापली होती. मग तो मागचा आता काय धरणार?

तिने मोकळा हात पुढे केला आणि दोरीवरून सरकवत नेला. पुढचं कडं लागलं. कड्यात मनगट होतं.

भीती वाटायच्या आधीच तिच्या बोटांनी आपलं काम केलं. अंगठा आणि मधलं बोट फिरलं. मनगट चिमणीहून बारीक होतं, कितीतरी बारीक, आणि त्याच्यापुढचा तळवा संपतच नव्हता. गार नव्हता, गरमही नव्हता. दोरी जेवढी होती तेवढाच. त्याने हात ओढून घेतला नाही. माप द्यायला आलेलं माणूस हात पुढे करून स्थिर उभं राहतं, तसं ते तिच्या बोटांत स्थिर राहिलं.

तिने किंचाळायला तोंड उघडलं आणि धूर घशात गेला. आपलं कडं ओरबाडून काढलं. पुढून दोन हिसके आले असतील, नसतील, तिला कळलं नाही. ती वर धावली, चार पायांवर, गुडघे फोडत. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात होती. ती कुलपात जाईना. मग गेली.

घरात काळंमिट्ट होतं. ती चपलांच्या फळीकडे वाकली आणि तिचा हात ओल्या फडक्याला लागला.

चिमणी आपल्या जागेवर उभी होती. ताठ. उजवा हात पुढे केलेला, कडं घालायला. तिच्या शेजारून आई आली होती, आईने दोरी घेतली होती, दार ओढून घेतलं होतं, आणि ती हू की चू न करता उभी राहिली होती, कारण तिला तसं सांगितलं होतं.

टेलरताईने तिचं मनगट धरलं. चिमणीचंच होतं. मग तिने तिला छातीशी उचललं.

६

त्या दोघी कठडा धरून कशा उतरल्या ते टेलरताईला सांगता येत नाही. खालचं दार कुणीतरी लाकूड लावून उघडं ठेवलं होतं. त्यातून परत आत घुसणाऱ्या कंडक्टरला ती धडकली. तिथून तिघं एकदमच रस्त्यावर पडले.

आग मोठी नव्हती. बंबवाल्यांनी थोड्याच वेळात मीटर विझवले. सगळी इमारत रस्त्यावर खोकत होती, आजी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून शिव्या देत होत्या. टेलरताई फुटपाथवर चिमणीला मांडीत घेऊन बसली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती.

"झालं काय?" कंडक्टरचा चेहरा काळवंडला होता, आणि तो धुराने नव्हता. "शेवटच्या वळणावर तुझा हिसका आला नाही. चिमणीचा आला. अप्पांना आधी बाहेर काढलं आणि मागे बघतो तर दोरीला आम्ही दोघंच."

"चिमणीचा आला?"

"सगळ्या वळणांवर आला. शेवटपर्यंत."

"पोरीने मला घट्ट धरलं होतं," अप्पा म्हणाले. ते बाकावर बसून पाण्याचे घोट घेत होते. "खांद्याला. सोडलंच नाही उंबऱ्यापर्यंत. मी म्हटलं, भ्यायलंय लेकरू."

टेलरताईने त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. मानेच्या खाली, खांद्यावर, कापड मुठीत धरल्यासारखं चुरगळलेलं होतं. चिमणी तर तेव्हा वर, बंद दाराआड उभी होती.

तिने पोरीच्या केसांत तोंड लपवलं. धुराचा वास येत होता. "तू का नाही आलीस गं?" ती हळूच म्हणाली. "कडं का नाही घातलंस?"

चिमणीने आधी आपल्या तोंडावर फडकं आहे का ते चाचपून पाहिलं. नव्हतं. मग ती बोलली.

"माझ्या कड्यात हात होता, आई."

टेलरताई रडली. लोकांसमोर, भर रस्त्यात, हमसून हमसून. कानावर मारलेल्या त्या चापटीची माफी तिने तिथे मागितली, आणि चिमणीला कुठली चापट ते आठवेना.

७

भिंती पुसून झाल्या, नवे मीटर बसले. पिशवी पुन्हा भरायला घेतली. बिस्किटं बदलली, बाटल्यांत ताजं पाणी, अप्पांची डबी कुणीही बाहेर काढली नाही.

"दोरी टाकून देऊ या," कंडक्टर म्हणाला. त्याने जास्त काही विचारलं नव्हतं आणि तिने जास्त सांगितलं नव्हतं. "चिमणीला मी कडेवर घेईन. दोरीचं काय एवढं?"

टेलरताईनेही तोच विचार केला होता. कितीतरी वेळा. पण दोरी नसेल तर ते काय धरेल? कुणाचा हात? हा विचार एकदा आला की पुढे जायला वाटच राहत नव्हती.

तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. छत्रीचं कापड बाजूला केलं. दोन हात दोरी जशी ठेवली होती तशीच तळाशी होती. ती तिने आपल्या कड्यामागे पुन्हा जोडली, गाठ मारून, वर दुहेरी टीप घालून. मग त्या शेवावर एक नवं कडं शिवायला घेतलं. चिमणी मशीनला टेकून बघत होती.

"हे कुणाचं?"

"असू दे एक जादा."

"माप कुठे घेतलंस?"

टेलरताईने सुईत दोरा ओवला. माप तिच्या बोटांत होतं. आता ते जायचं नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी तिने स्वतःच तालमीचा हट्ट धरला. शिट्टी, फळी, फडकी. या वेळी चिमणीच्या मनगटात कडं तिने स्वतः घातलं. जिन्यातला दिवा बंद केला.

पहिलं वळण. छोटा हिसका. थरथरता. मग झटकन, घाईघाईने, चिमणीचा. तिने आपला दिला.

मागून काही आलं नाही.

ती वाट पाहत उभी राहिली. अंधार गप्प होता. मागे नाही, मग कुठे आहे? तिने हात पुढे केला, दोरीवरून सरकवला, पुढच्या कड्यापर्यंत. बोटं मनगटाभोवती फिरली. चिमणी. उबदार, जरा चिकट, नाडी उडत असलेली. तिने पुन्हा एकदा फिरवून खात्री केली.

तेवढ्यात मागे दोरी ताणली गेली. हळू, बेताने. क्षणभर तशीच राहिली, आणि सुटली.

हायसं वाटलं तिला, अगदी खरंच हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला मग भयंकर भीती वाटली. पुढून दोन हिसके आले. चला.

तळाशी कंडक्टरने दार ढकललं. उजेड आत आला, अप्पा बाहेर पडले, चिमणी उडी मारून बाहेर पडली. टेलरताईने उंबरा ओलांडला आणि मागे न बघता एक हात दाराला लावून ठेवला. स्प्रिंग जोरात खेचत होती. हात भरून आला तरी तिने ते सोडलं नाही.

मग दाराचं वजन कुणीतरी तिच्या हातातून घेतलं.